दप्तराची झडती

"ह्याला माऊस म्हणतात. माऊस म्हणजे उंदीर," गुरुजी म्हणाले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "ए पारध्याची, तू मागं सरक. तुमचं काय सांगता येत नाही. भाजून खाशील."

सगळा वर्ग हसला. मीबी हसले. तिसरीत होते. हसायचं का रडायचं, ते कळायच्या आधीच हसू आलं होतं.

आमचं गाव ढोकीच्या अंगाला. गावाचं नाव सांगत न्हाय. शाळेत पहिल्यांदाच कॉम्प्युटर आला होता. एकच. त्याला हार घातला, नारळ फोडला, पडद्याला कुंकवाचं बोट लावलं. गुरुजींनी आम्हाला ओळीनं खोलीत नेलं. चपला बाहेर. पोरं एकेक करून पुढं जायची, माऊसवर हात ठेवायची, पडद्यावरचा बाण हलला की किंचाळायची. माझी पाळी आली आणि गुरुजी ते बोलले. मी मागं सरकले. सरकत सरकत भिंतीला टेकले. तिथनं मला पोरांची डोकी दिसायची. बाण दिसायचा न्हाय.

आमची वस्ती गावाबाहेर, गायरानात. सात घरं. घरं म्हणजे कुडाच्या भिंती न वर पत्रा. माझा बा फासे लावून तितर धरायचा पूर्वी. पुढं ते बंद झालं, मग उसाच्या हंगामात तोडीला जायचा, एरवी कुणाच्या शेताची राखण करायचा. गंमत बघा. गावाला राखणीला पारधी लागायचा, आणि चोरी झाली की पैला तोच लागायचा.

महिनाभरानं शाळेतला माऊस गेला.

सकाळी प्रार्थना झाली. गुरुजींनी खोली उघडली, बाहेर आले, आणि वर्गात कुणालाच काही विचारलं न्हाय. नुसतं माझ्याकडं बघितलं. "काल खोली कुणी झाडली?"

मी झाडली होती. कॉम्प्युटरला हात लावायचा न्हाय, पण खाली झाडू मारायचा, हे काम माझ्याकडं होतं.

माझं दप्तर गुरुजींनी उलटं केलं. एक पाटी, एक फाटकं पुस्तक, जेवणाचं ताट. ताटाचा आवाज अजून आठवतो. फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, थांबता थांबेना. सगळे ते थांबायची वाट बघत होते.

दुपारी वस्तीवर गाडी आली. दोन पोलीस. त्यांनी घरातली बोचकी बाहेर टाकली, पीठ सांडलं, चूल पायानं उकरली. एकानं आईला विचारलं, "उंदीर कुठाय?"

आईला काय कळणार? तिनं जन्मात कॉम्प्युटर बघितला नव्हता. ती हात जोडून म्हणाली, "साहेब, उंदरं शेतात असतात. घरात खायलाच काय न्हाय, तर उंदीर कशाला राहील?"

दोघं पोट धरून हसले. त्यातल्या एकाला हसता हसता ठसका लागला. आईनं त्याला पाणी आणून दिलं. त्यानं घेतलं न्हाय.

मग बाला गाडीत घालायला लागले. बानं मला हाक मारली. आमची घरातली बोली वेगळी, मी मराठीत सांगते. तो खाली बसला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, आणि हळू म्हणाला, "पोरी, तू घेतला असशील तर दे. मी मारणार न्हाय."

मी म्हणलं, "न्हाय घेतला."

"एकदा बघ आठवून."

"न्हाय, बा."

तो उठला न गाडीत बसला.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली न्हाय. गुरुजी बोलले ते सांगितलं, पोलिसांचं सांगितलं. बाचं न्हाय सांगितलं. माझ्या सख्ख्या बाला वाटलं, की असेल घेतला. गावानं इतक्या पिढ्या सांगितलेलं त्याच्याबी डोक्यात बसलं होतं. आणि खरं सांगू? बा चौकीत होता त्या तीन दिवसांत मला सारखं वाटत होतं, की आपण चोरला असता तर लई बरं झालं असतं. दिला असता. बा सुटला असता. माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बा आला. चालत आला, ढोकीच्या चौकीतनं. उजवा हात खांद्याच्या वर जात न्हवता. तो पुढं कधीच गेला न्हाय. उसाची मोळी उचलायला खांदा लागतो. त्या हंगामात आई एकटी तोडीला गेली.

आणि माऊस? तो ग्रामपंचायतीत होता. तिथला बिघडला म्हणून शाळेच्या शिपायाकडनं मागवून नेला होता. गुरुजींना सांगायचं राहून गेलं होतं. अकरा दिवसांनी परत आणून ठेवला. मी खोली झाडायला गेले आणि टेबलावर बघितला. काळा, गुळगुळीत. त्याच्यावर स्वच्छ रुमाल घातला होता.

गुरुजी मला म्हणाले, "सापडला बरं का." वर्गाला काही म्हणाले न्हायत. वस्तीवर कुणी आलं न्हाय. चौकीतनं कुणी आलं न्हाय.

बानं मला त्या गावात ठेवलं न्हाय. लांबच्या बोर्डिंगच्या शाळेत नेऊन घातलं. फाटकात सोडताना म्हणाला, "कोण इचारलं तर नाव सांग. आडनाव सांग. जात सांगू नको."

आमच्या आडनावांची एक सोय आहे. पाटील-देशमुखांच्या घरांतली असतात तसलीच आमची असतात. आडनाव ऐकून माणूस खुर्ची देतो. मी बाचं ऐकलं. बारावी झाले, डी.एड. झाले. कुणी खोदून विचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय. बा मधेच गेला. त्याच्या मातीला मी एक दिवसाची सुट्टी काढली आणि अर्जात 'नातेवाईक वारले' असं लिहिलं. नातेवाईक.

धाराशिवला कॉम्प्युटरच्या कोर्सला बसले तेव्हा पहिल्या दिवशी माऊसवर हात ठेवला आणि हाताला घाम फुटला. माऊस हाताखालनं निसटायला लागला. पडद्यावरचा बाण वेड्यासारखा पळायला लागला. मी हात काढून घेतला. आणि मग सगळं बटनांवर शिकले. फाईल उघडायची, बंद करायची, अक्षर मोठं करायचं, सगळं नुसत्या कीबोर्डवर. शिकवणारे सर बाकीच्यांना म्हणायचे, "बघा, ह्या मॅडम माऊसला हातसुद्धा लावत नाहीत. ह्याला म्हणतात तयारी!"

लोक टाळ्या वाजवायचे.

ह्याच तयारीवर मला नोकरी लागली. कंत्राटी. अणदूरच्या पुढं एका गावात, खाजगी संस्थेची शाळा. काम असं, की पहिली-दुसरीच्या पोरांना कॉम्प्युटरची ओळख करून द्यायची. खोलीत सहा कॉम्प्युटर. आता मला माऊस धरणं भागच होतं. मी ओल्या रुमालानं हात पुसत पुसत धरायला शिकले.

लहान पोरांना कॉम्प्युटर शिकवायचं म्हणजे काय, ते ज्यानं शिकवलं त्यालाच कळतं. त्यांचा हात माऊसएवढा नसतो. ती माऊस उचलतात आणि पडद्याला नेऊन चिकटवतात. एक पोरगा माऊस कानाला लावून "हॅलो" म्हणायचा. टेबल संपलं की हात हवेत जातो आणि विचारतात, "बाई, आता पुढं कसं जायचं?" मी त्यांच्या हातावर हात ठेवायची. उचला, मधी आणा, परत सरकवा. डबल क्लिक जमत न्हाय त्यांना, म्हणून मी म्हणायची, दारावर वाजवतो तसं वाजवा, टकटक. मग सगळी खोली टकटक करायची. पैल्यांदा गोल काढला की पोरगं खुर्चीवरनं उतरून सगळ्यांना बोलवून आणायचं.

त्या खोलीत मला बरं वाटायचं. बाहेर न्हाय. बाहेर स्टाफरूममध्ये कुणाचा पेन हरवला तरी मी माझी पर्स टेबलावर रिकामी करायची. कुणी काही म्हणायच्या आधी. सगळे हसायचे. "मॅडम, तुमच्यावर कुणाचा संशय आहे का?" मीबी हसायची.

दुसरीत एक पोरगी होती, यल्लू. वडाराची. तिचे आई-बाप खडीच्या मशीनवर दगड फोडायचे, मशीनच्या मागंच त्यांचं पाल. यल्लू बोलायची कमी. पण माऊस तिच्या हातात पाण्यासारखा चालायचा. पाळी संपली तरी ती दुसऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहून त्याच्या हाताकडं बघायची, पडद्याकडं न्हाय. मी सगळ्या पोरांना सांगून ठेवलं होतं, की धूळ म्हणजे कॉम्प्युटरचा आजार. यल्लू आत यायच्या आधी पाय फ्रॉकला पुसायची. दोन्ही पाय, एकेक करून.

एका शनिवारी सकाळी चार नंबरच्या कॉम्प्युटरचा माऊस नव्हता.

मी मुख्याध्यापकांना सांगितलं. मला सांगावंच लागणार होतं, खोलीची जबाबदारी माझी. ते खोलीत आले. पोरांकडं एक नजर टाकली. "पालावरची किती आहेत?"

"तीन," मी म्हणलं.

"त्यांची दप्तरं बघा."

"सगळ्यांचीच बघू या का, सर?"

"बाकीच्यांची कशाला? त्यांना घरंदारं आहेत."

इथं मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले न्हाय. हे मी लिहून ठेवते, कारण हे मी केलं. मला सगळं आठवत होतं. ताट, त्याचा आवाज, सगळं. आणि तरी माझे पाय चालले. मनात एकच होतं. मी नको म्हणाले तर हे विचारतील, का नको? आणि मग माझ्याकडं नीट बघतील.

दोन पोरांची दप्तरं बघितली. काही न्हवतं. यल्लूनं दप्तर छातीशी धरलं होतं. मी म्हणलं, "दे." ती मान हलवून न्हाय म्हणाली. मी ओढलं. माझ्या हातात जोर होता. सात वर्षांच्या पोरीच्या हातात किती असणार?

दप्तर टेबलावर उलटं केलं. ताट, पाटी, आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

सरांनीच फडकं सोडलं. आत मातीचा माऊस होता. काळ्या मातीचा, उन्हात वाळवलेला. पुढं दोन बटनं, नखानं कोरलेली. मधलं चाकबी होतं, ज्वारीचा दाणा दाबून बसवलेला. मागं सुतळीची शेपटी. बोटं ठेवायची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. ती पालात बसून ह्याच्यावर सराव करत होती.

मला वाटलं, सर आता काहीतरी बोलतील. ते बोलले. "बघितलं? म्हणजे आधीपासनं डोळा आहे हिचा."

आणि त्यांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला. आत खरा माऊस लपवलाय का, ते बघायला. फुटला. आत मातीच होती.

यल्लू रडली न्हाय. ती पुढं आली आणि फ्रॉकच्या टोकानं टेबलावरची माती पुसायला लागली. कीबोर्डच्या बाजूची आधी. धूळ जाऊ नये म्हणून.

राग म्हणू का काय म्हणू? इतकी वर्षं धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं. मी माझी पर्स उघडली आणि सरांपुढं टेबलावर उलटी केली.

"आता माझी झडती घ्या, सर."

"अहो मॅडम, तुमची कशाला?"

"मी पारधी आहे."

सर माझ्याकडं बघत होते. कपाळ, हात, साडी, परत कपाळ. मग ते म्हणाले, "काय हो मॅडम. तुम्ही वाटत नाही तशा."

"तसं म्हणजे कसं, सर?"

ते दाराकडं वळले.

"कसं वाटायला पाहिजे, ते सांगा. तसं उभं राहते."

"पोरांसमोर तमाशा नको," ते म्हणाले.

"ह्या पोरीची झडती पोरांसमोरच झाली की, सर."

ते निघून गेले. मी खाली बसले. यल्लूचं ताट, पाटी दप्तरात भरली. मीच सांडलं होतं, मीच भरलं. मातीचे तुकडे गोळा केले, फडक्यात बांधले. आणि सगळ्या पोरांसमोर तिला म्हणाले, "यल्लू, मी तुझं दप्तर ओढलं. माझं चुकलं." ती माझ्याकडं बघत राहिली. माफ केलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं न्हाय. का दिसावं?

सोमवारी यल्लू आली न्हाय. मंगळवारीबी न्हाय. बुधवारी मी शाळा सुटल्यावर खडीच्या मशीनकडं गेले. तिची आई उन्हात दगडाच्या ढिगाजवळ बसली होती, पांढरी धूळ पापणीपर्यंत. यल्लू लहान भावाला काखेत घेऊन उभी. मला बघून पालात गेली.

"न्हाय पाठवत आता," तिची आई म्हणाली. "आज दप्तर बघितलं, उद्या पाल बघत्याल. परवा हिच्या बाला न्हेत्याल."

मी तिच्याजवळ खाली बसले आणि माझं सगळं सांगितलं. गाडी, चूल, बाचा खांदा. तो काय म्हणाला होता, तेबी पैल्यांदा तिलाच सांगितलं. ती हातातला हातोडा खाली न ठेवता ऐकत होती. मग तिनं विचारलं,

"इतकं सोसलं, मग तुमी का बघितलं दप्तर?"

एवढा सरळ प्रश्न मला कुणी कधी विचारला न्हवता. मी म्हणलं, "भ्याले."

"आन् आता?"

"आताबी भेते. पण आता सगळ्यांना माहीत झालंय."

ती पहिल्यांदा थोडी हसली. हातोडा खाली ठेवला न मला पाणी दिलं. मी प्याले.

शाळेत सगळं बदललं, आणि कुणी काही बोललं न्हाय. ज्या बाई माझ्या डब्यातनं ठेचा मागून घ्यायच्या, त्यांना आता पित्त झालंय. स्टाफरूममधली कपाटं उघडी असायची, त्यांना कुलपं आली. माझ्यासमोर पर्स उचलून मांडीवर घेतात आणि मांडीवर घेताना माझ्याशी गोड बोलतात. पोरं तेवढी आहेत तशीच आहेत. खुर्चीसाठी भांडतात, टकटक करतात.

लोक मला विचारतात, तो माऊस सापडला का? मला माहीत न्हाय. मी शोधला न्हाय आणि शोधणारबी न्हाय. यल्लू निर्दोष आहे हे दाखवायला मला तो लागत न्हाय. आम्ही चोर न्हाय याचा पुरावा आम्हीच आणून द्यायचा, आणि तो सापडेपर्यंत खाली मान घालून उभं राहायचं, हा धंदा माझ्यापुरता बंद झाला. उद्या तो माऊस खरंच कुणा पालावरच्या पोराकडं निघाला, तरी माझं म्हणणं बदलणार न्हाय. तीस पोरांच्या वर्गात तीनच दप्तरं उघडली. चोरी ती होती.

मी संस्थेला आणि शिक्षण खात्याला लेखी तक्रार दिली. काय झालं, कुणी काय शब्द वापरले, मी स्वतः काय केलं, सगळं. माझ्या हातानं दप्तर ओढलं हेबी लिहिलं. खाली सही, सहीखाली जात. संस्थेच्या एका माणसानं मला बोलावून कागद पुढं केला. टाईप केलेला, तयार. 'सदर प्रकार गैरसमजातून घडला असून माझी कोणतीही तक्रार नाही.' सहीची जागा मोकळी.

"तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय, मॅडम," तो म्हणाला. "विचार करा."

मी कागद वाचला. दोनदा वाचला. त्यात यल्लूचं नाव कुठंच न्हवतं. मी तो तसाच त्याच्याकडं सरकवला.

माझ्या तक्रारीवर सोमवारी अकरा वाजता शाळेत चौकशी आहे. यल्लूची आई येणार आहे. "मी बोलणार न्हाय, बसते नुसती," म्हणाली. बसू दे. खुर्चीवर बसू दे, खाली न्हाय. मी बोलणार आहे. आम्ही माफी मागायला जात न्हाय, सरांकडनं घ्यायला जातोय. ती बंद खोलीत नको, कागदावर नको. त्याच वर्गात, त्या तीस पोरांसमोर, त्या पोरीचं नाव घेऊन. नोकरी गेली तर जाऊ दे. ती माफी कबूल झाल्याबिगर मी चौकशीच्या खोलीतनं उठणार न्हाय.